सरळ नाकाला एक वर्ष लागलं

२००८ च्या जूनमध्ये मी स्कूटीवरून पडले. कोल्हापुरातल्या शाहूपुरीत, पहिल्या पावसात. रस्ता ओला होता, गाडी घसरली आणि तोंड दुभाजकाच्या कठड्यावर आपटलं. तेव्हा मी २२ वर्षांची होते. ओढणीनं नाक दाबून घरी आले. रक्त अर्ध्या तासात थांबलं. संध्याकाळपर्यंत नाक फुगलं आणि दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं झालं.

वडील तालमीतले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "असली धा नाकं बघितल्यात मी. बसतंय आपसूक." आमच्या शिवाजी पेठेत मोडक्या नाकाचं आणि चुरगळलेल्या कानाचं कुणाला नवल नाही. खासबागेच्या मैदानात कुस्त्या लढलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. वडिलांची माया कमी नव्हती, त्यांना तेवढंच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या आणि "सूज उतरली की बघू" म्हणाले. सूज पुरती उतरायला तीन आठवडे गेले. तोवर हाड वाकडंच जुळून गेलं होतं.

हे मला १५ वर्षांनी कळलं. मोठ्या माणसाच्या नाकाचं मोडलेलं हाड पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात, फार तर दोन आठवड्यांत, न कापता जागेवर बसवता येतं. सूज जरा ओसरली की चौथ्या-पाचव्या दिवशी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं. आणि मार लागल्यावर नाक दोन्ही बाजूंनी बंद झालं, ठणका वाढत चालला, ताप आला, तर त्याच दिवशी जायचं. मधल्या पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं. ते लगेच काढलं नाही तर आतली कूर्चा मरते आणि नाक मधोमध खचतं. माझं तसं झालं नाही, एवढं नशीब.

माझी उजवी नाकपुडी जवळजवळ बंद झाली. रात्री तोंड उघडं टाकून झोपायचं, सकाळी घसा कोरडा ठाक. पावसाळ्यात सर्दी धरली की दिवाळीपर्यंत हलायची नाही. जो तो म्हणायचा, "नाकाचं हाड वाढलंय." मीही तेच म्हणायचे. मेडिकलमधून नाक मोकळं करणारे थेंब आणले. रात्री दोन थेंब टाकले की झोप लागायची. असे दोन वर्षं टाकले. पुढं पुढं थेंबांशिवाय डावी बाजूही उघडेना. हे थेंब सलग चार-पाच दिवसांच्या पुढं टाकायचे नसतात. जास्त दिवस टाकले तर तेच नाक बंद करायला लागतात. बाटलीबरोबरच्या कागदावर ते छापलेलं असतं. मी तो कागद कधी उघडला नव्हता.

मी एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. दिवसभर पिग्मी एजंट, सभासद, बोलणं. बोलताना धाप लागायची. २०२३ मध्ये दिराचं लग्न झालं. त्यात घातलेली नथ प्रत्येक फोटोत तिरकी दिसत होती. नथ तिरकी नव्हती. अल्बम आला तेव्हा मी माझे फोटो पटपट उलटले. त्याच महिन्यात नाक दाखवायचं ठरवलं. घरी, ऑफिसात सगळ्यांना श्वासाचं कारण सांगितलं. आरशाचं कुणालाच सांगितलं नाही.

आधी जाहिरात बघून दुसऱ्या शहरातल्या एका क्लिनिकमध्ये गेले. तिथं डॉक्टर भेटलेच नाहीत. एका मुलीनं माझा फोटो संगणकात घेतला, दोन मिनिटांत नाक सरळ करून दाखवलं आणि आजच आगाऊ रक्कम भरली तर सूट आहे म्हणाली. चित्र सुरेख होतं. मी पर्स उघडलीसुद्धा होती. मिस्टरांनी विचारलं, "आतून कोण तपासणार?" तिला उत्तर देता आलं नाही. आम्ही परत आलो. संगणकातलं ते चित्र म्हणजे हमी नसते, एवढं लक्षात ठेवा. आणि ज्यानं नाकपुडीत बॅटरी मारून बघितलं नाही, त्याच्याकडं पैसे भरू नका.

मग कोल्हापुरातच एका नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी दुर्बिणीनं आत बघितलं, सायनसचा सीटी स्कॅन करायला सांगितला आणि स्कॅन उजेडावर धरून समजावलं. "हाड वाढत नसतं. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा असतो, पुढं कूर्चेचा आणि मागं हाडाचा. तुमचा हा पडदा उजवीकडं वाकून भिंतीला टेकलाय. वरचं हाडही सरकलंय." पडदा सरळ करतात ती सेप्टोप्लास्टी. बाहेरचा आकार बदलतात ती ऱ्हायनोप्लास्टी. नाकच वाकडं जुळलेलं असेल तर दोन्ही मिळून करावं लागतं.

त्यांनी विचारलं, "तुम्हाला नाकाचा त्रास काय?" मी म्हणाले, श्वास. त्यांनी थोडं थांबून पुन्हा विचारलं, "आणि दिसण्याचं काही?" मी गप्प. शेजारी मिस्टर बसलेले. लग्नाला १२ वर्षं झालेल्या, ३७ वर्षांच्या बाईनं हे कसं बोलायचं, असं वाटलं. शेवटी म्हणाले, "हो, दिसण्याचंही आहे."

ते म्हणाले, "हे आत्ता सांगितलंत ते बरं केलंत. नुसता पडदा सरळ करायचा तर वाकडी कूर्चा काढून टाकतात. नाकाला आकार देताना आधाराला तीच कूर्चा लागते. आधी काढून टाकली आणि चार वर्षांनी तुम्ही आकारासाठी आलात, तर कानातून नाही तर बरगडीतून घ्यावी लागते." माझ्या सगळ्या अनुभवातली सर्वांत कामाची गोष्ट ही. लाजून अर्धंच सांगितलं असतं तर नाकात असलेला माल वाया गेला असता. मनात जे असेल ते डॉक्टरांपुढं बोला. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते सांगा.

त्यांनी प्लास्टिक सर्जनकडं पाठवलं. दोघं मिळून शस्त्रक्रिया करणार होते. प्लास्टिक सर्जनच्या बाहेरच्या खोलीत एक जुनं चित्र लावलेलं होतं. डोक्याला कापड बांधलेला माणूस, कपाळावर मोठा व्रण. विचारलं तर डॉक्टरांनी त्याची हकीकत सांगितली.

तो कावसजी. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा मराठी गडी. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक करून बघितलं, ते कपाळावर सपाट पसरून त्याची रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली, दोन भुवयांच्या मध्ये देठासारखी जोडलेली ठेवली आणि खाली फिरवून नाकाच्या जागी बसवली. टाके नाहीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक ठेवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली कापडं ठेवली. पाच-सहा दिवस उताणं झोपवलं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं सराव केला आणि १८१४ मध्ये तिथं तशी शस्त्रक्रिया केली. कपाळाची कातडी घेऊन नाक करण्याची रीत आजही जगभर वापरतात. त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. मला याचं फार वाईट वाटलं. कावसजीचं नाव उरलं, बघणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावं उरली, ज्याच्या हातात कसब होतं त्याचंच राहून गेलं.

माझं काम त्यापुढं काहीच नव्हतं. तरी रात्री झोप येईना.

विम्याचं सांगते. निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही. श्वासासाठीची पडद्याची बसते. अपघातानंतर नाक पुन्हा घडवायचं असेल तर तेही बसतं, पण अपघाताचे कागद लागतात. माझ्याकडं २००८ चा एकही कागद नव्हता. एक्स-रे केव्हाच रद्दीत गेलेला. खर्च १ लाख १० हजार आला, त्यातले ४६ हजार विम्यानं दिले. बाकीचे आम्ही भिशीतून उभे केले. पडलात, झडलात तर एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. नुसता पडदा सरळ करायचा असेल तर सरकारी हॉस्पिटलातही चौकशी करा, तिथंही ही शस्त्रक्रिया होते.

तारीख डिसेंबरातली मिळाली. आठवडाभर आधी ॲस्पिरिनसारख्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद. तंबाखू, मिश्री काही आहे का, हे तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलं. त्यानं जखम भरायला वेळ लागतो. मला सवय नव्हती, सासूबाईंना आहे. आणि दोन दिवस आधी मला सर्दी-खोकला झाला. भूलतज्ज्ञांनी तारीख रद्द केली. रजा मंजूर, मुलगा माहेरी पाठवलेला, सगळी घडी बसवलेली. मला रडू आलं. पण सर्दी लपवून भूल घेणं धोक्याचं असतं. शेवटी २०२४ च्या जानेवारीत झालं.

सकाळी उपाशीपोटी गेले. चमकी काढून ठेवली. पूर्ण भूल दिली. अडीच तास लागले. दोन नाकपुड्यांच्या मधल्या खांबावर बारीक छेद घेऊन आत गेले. वरचं हाड छोट्या छिन्नीनं पुन्हा मोडून सरळ बसवलं. ऐकायला भयंकर आहे, पण मला काही कळलं नाही. जाग आली तेव्हा नाकावर प्लास्टर, आत पट्ट्या आणि बोळे, आणि तोंडानं श्वास. दुखणं वाटलं होतं तेवढं नव्हतं. घुसमट होती. तोंडानं श्वास घेत झोपता येत नाही, असं वाटतं. मी तर १५ वर्षं तेच करत होते, तरी घाबरले. संध्याकाळी एक काळपट उलटी झाली. नर्स म्हणाली, गिळलेलं रक्त आहे, बाहेर पडलं ते बरं. बोळे दुसऱ्या दिवशी काढले.

घरी गेल्यावर सासूबाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं, "हाड वाढलं हुतं म्हणून सांग सगळ्यास्नी. नाक नीट करून घेतलं म्हणलीस की चार तोंडं हुतील." आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या. "तू पड. मी करतो समदं." पंधरा दिवस त्यांनी मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. गरम वाफ आणि धग टाळायची होती, ते त्यांनी नीट ऐकून ठेवलं होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यांत जास्त असते. माझे डोळे बारीक फटीएवढे झाले. कावसजीसारखंच उताणं झोपायचं. पाठीला तीन उशा, डोकं उंच. कुशीवर वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोड. बर्फ गालावर आणि डोळ्यांवर, नाकावर नाही. नाक शिंकरायचं नाही, दोन आठवडे तरी. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. कपडे पुढून बटणांचे, डोक्यातून घालायचे नाहीत. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, पहिल्याच दिवशी कुर्ता डोक्यात अडकला तेव्हा कळलं. दोन गाऊन आधीच आणून ठेवा. डोकं धुताना प्लास्टर भिजू द्यायचं नाही, म्हणून मिस्टरांनी खुर्ची बेसिनला पाठ करून लावली आणि मागं वाकवून केस धुतले. खायला मऊ भात, मुगाची आमटी, दुधात कुस्करलेली भाकरी. तांबडा रस्सा महिनाभर बंद. तिखटानं नाक गळतं आणि मग शिंकरल्याशिवाय राहवत नाही.

सातव्या दिवशी प्लास्टर आणि टाके काढले. डॉक्टरांनी आरसा दिला. नाक सरळ होतं, पण रुंद, आणि शेंडा वर उचललेला. वरचा ओठ ताठ. हसायला गेले तर हसूच येईना. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, शेंडा खाली येईल. मी मान हलवली. रिक्षात बसल्यावर रडले. पैसे घालून स्वतःचं तोंड बिघडवलं, असं वाटलं. वडिलांकडून आलेलं नाक होतं ते, असंही वाटलं. मिस्टर काही बोलले नाहीत. रिक्षा रंकाळा तलावाकडं वळवायला सांगितली आणि आम्ही अर्धा तास तिथं बसलो.

खरी चूक नवव्या दिवशी झाली. बरं वाटत होतं. सासूबाई देवळात गेलेल्या. मशिनमधले धुतलेले कपडे बादलीत भरले आणि बादली उचलून जिना चढले. वर जाऊन वाकले आणि नाकातून रक्ताची धार लागली. फरशीवर, कपड्यांवर. मी मान मागं टाकली, लहानपणापासून तेच करत आलेलो. रक्त घशात उतरलं. फोनवर डॉक्टर म्हणाले, "मान मागं टाकू नका. पुढं झुकून बसा. तोंडात येईल ते थुंका, गिळू नका. आणि लगेच या." शेजारच्या काकूंनी रिक्षा आणली. हॉस्पिटलात औषधाचा बोळा ठेवला, तासाभरात थांबलं. आकाराला काही झालं नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर आठवड्या-दीड आठवड्यानं असा रक्तस्राव होऊ शकतो. बरं वाटायला लागतं तेव्हाच जास्त जपायचं. दोन आठवडे वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

आत खपल्या धरतात. त्या बोटानं काढायच्या नाहीत. दिवसातून चार वेळा सलाईनचा फवारा. नंतर डॉक्टरांनी नाक धुवायला सांगितलं, जलनेतीसारखं. पण पाणी उकळून थंड केलेलंच. नळाचं पाणी सरळ नाकात घालू नका, कधीच नाही. त्यातले काही जंतू पोटात गेले तर फारसं बिघडत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतात.

चष्म्याचं आधी कुणी बोललं नव्हतं. प्लास्टर असेपर्यंत चष्मा त्यावर टेकतो. प्लास्टर निघालं की पुढचे पाच-सहा आठवडे नाकावर वजन नको, नाहीतर नवं हाड दबतं. माझा नंबर उणे चार. मी तिसऱ्या आठवड्यात कामावर गेले ती चष्म्याच्या मधल्या दांडीला कागदी चिकटपट्टी लावून, ती पट्टी कपाळाला चिकटवून. चष्मा नाकापासून बोटभर वर तरंगत असायचा. घाम आला की पट्टी सुटायची. मी दर दोन तासांनी नवी लावायचे, कपाळाची साल निघाली. पुढच्या आठवड्यात कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. चष्मा असेल तर लेन्सची सवय शस्त्रक्रियेच्या आधीच करून घ्या.

काउंटरवर लोक विचारत. मी म्हणायचे, हाड वाढलं होतं. एक पिग्मी एजंट आहेत, वयस्कर. ते नुसतं म्हणाले, "ताई, आवाज सुटलाय तुमचा." तोपर्यंत मला ते कळलं नव्हतं.

वास महिनाभर येत नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटी कामावरून आले, जिना चढताना मिश्री भाजल्याचा वास आला. सासूबाई तव्यावर भाजत होत्या. मला तो वास कधी आवडला नाही. त्या दिवशी मी तव्याजवळ जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "काय गं, खुळी झालीस काय?" सहाव्या आठवड्यात एका पहाटे जाग आली तर तोंड मिटलेलं होतं आणि जीभ ओली होती.

शेंडा उतरायला मात्र वेळ लागला. तीन महिन्यांनी नाक बरं दिसायला लागलं. सकाळी जास्त सुजलेलं, संध्याकाळी कमी. शेंड्याची बधिरता आणि वरच्या पुढच्या दातांचं सुन्नपण सहा महिन्यांनी गेलं. वर्ष झाल्यावर डॉक्टरांनी आधीचे आणि आताचे फोटो शेजारी ठेवले. समोरून, बाजूने, खालून. काहींना पुन्हा थोडं दुरुस्त करावं लागतं, पण सूज पूर्ण उतरल्याशिवाय, म्हणजे वर्षाच्या आत, चांगले सर्जन ते करत नाहीत. माझ्या नाकाच्या दांड्यावर अजून एक बारीकसा उंचवटा आहे. बोट फिरवलं तरच कळतो. तो घासून देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. तो वडिलांच्या नाकावरही आहे. चमकी १३ व्या महिन्यात परत घातली.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या काकूंच्या नातवाला क्रिकेटचा चेंडू नाकावर लागला. वय १६. नाक डावीकडं सरकलेलं दिसत होतं. काकू म्हणत होत्या, सूज उतरू दे. मी तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन त्याच डॉक्टरांकडं गेले, एक्स-रे आणि चिठ्ठी फायलीत लावून. पाचव्या दिवशी थोडी भूल देऊन त्यांनी ते हातानं जागेवर बसवलं. कुठं कापलं नाही, टाका नाही. १५ मिनिटं लागली. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा तो सरळ नाकानं गेला.